सहाचे पाच

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "चाचा, रॅपवाल्या बालाजीचा अल्बम तुम्हीच रेकॉर्ड केलात ना, त्यावर लिहा." मला पहिला संशय आला तो हा, की यांना अंकाची जाहिरात फुकटात रेकॉर्ड करून हवी असणार. मी तसं विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, तुमचा स्टुडिओ बंद होऊन दोन वर्षं झाली, आता फुकटात काय घेणार? मुद्दा बरोबर होता. तरी होकार द्यायला मी चार दिवस लावले.

मी पहिल्यापासून असाच. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी सलाम केला तरी तुम्ही त्याची बोटं मोजता." तिचं खोटं नाही. पण हा स्वभाव आईच्या पोटातून आणलेला नव्हे, तो धंद्यानं दिला. तीस-पस्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ऐकले की माणूस कुठं अडखळतो, कुठं आवंढा गिळतो, कुठं पाठ केलेलं म्हणतो, ते आपोआप कळायला लागतं. आणि एकदा कळायला लागलं की थांबवता येत नाही.

आमचं घर नांदेडचं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढं मी त्यात टेपची कामं सुरू केली. लग्नाच्या कॅसेटी, कव्वाल्या, निवडणुकीच्या रिक्षांवर वाजणारी भाषणं. मग लातूरला क्लासेसचं पीक आलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं पेट्या घेऊन लातुरात उतरायला लागली आणि गल्लोगल्ली रिक्षा फिरायला लागल्या, "पालकांनो, आपल्या पाल्याचं भविष्य..." तो आवाज कुणीतरी रेकॉर्ड करायला लागतोच. मी नांदेडहून लातूरला गेलो, ट्यूशन एरियाच्या मागं एक खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि दारावर स्टुडिओची पाटी लावली.

बाहेरच्यांना वाटतं, माणूस माईकसमोर बोलतो आणि ते मशीनमध्ये जातं. जातं खरं, पण तसंच बाहेर येत नाही. आमचा धंदा आवाज कापायचा आणि जोडायचा. खोकला कापायचा, श्वास कापायचा, एकाच वाक्यातलं पहिलं निम्मं सकाळचं आणि दुसरं निम्मं संध्याकाळचं घ्यायचं आणि मधला टाका कुणाला दिसू द्यायचा नाही. एकदा एका क्लासच्या सरांनी जाहिरात रेकॉर्ड केली, "यंदा आमचे अकरा विद्यार्थी मेडिकलला." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, आणखी एकाचं नाव लागलं, अकराचे बारा करा. सर गावाला गेलेले. मी त्याच जाहिरातीतल्या "बारावी" या शब्दातलं "बारा" कापलं आणि अकराच्या जागी बसवलं. सरांना स्वतःला कळलं नाही. या कामाचा मला फार गर्व होता, तो मी कधी लपवला नाही.

संशयाचंही एक सांगतो. एका जूनमध्ये एका क्लासनं त्यांची टॉपर मुलगी आणली. तिनं म्हटलं, "माझ्या यशाचं सगळं श्रेय या क्लासला." पंधरा दिवसांनी दुसऱ्या क्लासचे लोक त्यांची टॉपर घेऊन आले. चेहरा रुमालानं बांधलेला होता, उन्हाचे दिवस होते म्हणून मी काही बोललो नाही. पण ती "यश" म्हणाली आणि तिचा "श" ऐकताच मी हेडफोन काढला. तीच मुलगी. सर चहाला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "बेटा, खरं सांग, तू शिकलीस कुठं?" ती म्हणाली, "घरी, चाचा. मामाच्या जुन्या पुस्तकांवर. पण घरी शिकले म्हणलं तर कोण रेकॉर्ड करतंय?" दोन्ही रिक्षा पुढं महिनाभर एकाच चौकात समोरासमोर उभ्या राहून तिला ओरडून आपली म्हणत होत्या. अशा गावात राहून माणूस शक्की होणार नाही तर काय होणार?

बालाजी पहिल्यांदा आला त्याला वीस वर्षं होऊन गेली. क्लासला आलेली तीन पोरं, हॉस्टेलात एका खोलीत राहणारी. मला म्हणाली, आम्हाला गाणं रेकॉर्ड करायचंय. मी म्हटलं, सूर कोणता? बालाजी म्हणाला, "सूर न्हाई चाचा, ठेका हाय. बोलायचंय." मी म्हटलं, बोलायचंच आहे तर गाणं कशाला म्हणता? तो हसला. त्यांच्या ग्रुपचं नाव होतं "तिसरा बाक" आणि गाणं होतं चाचणी परीक्षेच्या मार्कांवर. तिघंही औसा-निलंग्याकडची, आणि माईकसमोर उभी राहिली की "अपुन" आणि "भिडू". मी चिडून विचारलं, "काय रे, तुझा बाप घरात अपुन म्हणतो का?" बालाजी म्हणाला, "बाप न्हाई मला. भूकंपात गेला." मला वाटलं, पोरगं सिनेमातलं वाक्य मारून राहिलंय.

याचं कारण सांगायला हवं. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडहून निघालेल्या मदतीच्या ट्रकांबरोबर किल्लारीकडं गेलो होतो, लाउडस्पीकर चालवायला. जे पाहिलं ते लिहिण्याची माझी ताकद नाही. पण त्यानंतर लातूरच्या बाजारात ज्याला त्याला भूकंपाची गोष्ट झाली. ज्याच्या घराचं कौलही हललं नव्हतं तोही ढिगाऱ्याखाली होता. एका माणसानं तर एकाच दिवशी तीन ट्रकांवर रडून तीन वेळा कांबळी नेली, तिसऱ्या वेळी माईकवर मीच होतो. तेव्हापासून भूकंप म्हटलं की माझा कान आपोआप टवकारायचा.

हिप-हॉपमधलं मला जे काही समजतं ते बालाजीनं शिकवलेलं आहे. तो म्हणायचा, "ह्यात दोनच गुन्हे हायत चाचा. दुसऱ्यानं लिहिलेलं म्हणायचं न्हाई, आन् न जगलेलं सांगायचं न्हाई." बाकी ठेका चुकला, आवाज फाटला, चालतं. पण एखादा रॅपर गरिबी सांगतो आणि नंतर कळतं की त्याच्या घरी दोन गाड्या होत्या, तर तो संपला. पोरं एकमेकांची गाणी वकिलासारखी तपासतात. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण माझ्याच जातीची माणसं भेटल्यासारखं झालं.

तिसरा बाक तीन-चार वर्षं चालला आणि मोडला. एक जण पुण्याला कॉम्प्युटरात गेला. दुसरा नागनाथ, त्यानं लातुरातच फिजिक्सचा क्लास काढला आणि माझं गिऱ्हाईक झाला. बालाजीचं शिक्षण अर्धवट राहिलं. त्यानं अहमदपूरला एसटी स्टँडासमोर मोबाइलच्या काचा बसवायचं दुकान टाकलं आणि तिथूनच एकेक गाणं करत राहिला. अहमदपूर, कंधार, उदगीरची पोरं काच बसवायच्या निमित्तानं त्याच्याकडं यायची आणि आपलं लिहिलेलं त्याला ऐकवायची. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्यातलं तुझं कोणतं हाय तेवढं ठेव." वयाच्या चाळिशीत, दाढी पांढरी झाल्यावर, तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "चाचा, आता एकट्याचा अल्बम करायचाय. नऊ गाणी. भूकंपावर."

मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही केलास?"

"येत नव्हतं," तो म्हणाला. मला ते उत्तर पटलं नाही.

चार महिने दर सोमवारी, दुकान बंद ठेवून, तो पहिल्या एसटीनं यायचा. अल्बमचं नाव "दगडमाती". त्या भागातली घरं दगड आणि मातीची होती आणि त्या जाड भिंतींनीच माणसं मारली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानं विकतचा ठेका घेतला नाही. एक दिवस पोत्यातून दगड घेऊन आला. दगडावर दगड, ओल्या मातीत दगड, फावड्याचा खरखराट, हे सगळं आम्ही रेकॉर्ड केलं आणि त्यातून ठेके बांधले. आणि या वेळी एकही "अपुन" नव्हता. सगळं "हाव", "न्हाई", "करून राहिलो". आपल्या बोलीतला असा पूर्ण अल्बम पहिला की नाही ते मी सांगणार नाही, कारण पहिलं म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. पण आज या भागातली पोरं मुंबईची नक्कल न करता आपल्या तोंडानं बोलतात, ती "दगडमाती" ऐकूनच बोलायला लागली हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आता मूळ गोष्टीवर येतो. तिसरं गाणं होतं "यादी". त्यात ठेका जवळजवळ नव्हताच. तो म्हणायचा, "पाच नावं यादीत, वाचतो, ऐक," आणि मग घरच्यांची नावं. आजी गंगाबाई. बाप दत्तू. आत्या शेवंता. थोरला भाऊ संतोष. बहीण मीरा. एका टेकमध्ये म्हणाला, दुसरा घेऊ दिला नाही. त्यानंतर सातवं गाणं, "मोजणी". त्यात ओळ होती, "सहा जण मातीत, दोन जण वरती."

मी हेडफोन कानावर दाबला. तिसऱ्यात पाच, सातव्यात सहा. परत लावलं, तेच. खरं जगलेला माणूस आपल्या घरातली मेलेली माणसं मोजायला चुकेल का?

त्याच दिवशी चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बालाजी, घरात किती जण होते रे?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लई होते, चाचा," आणि उठून बाहेर गेला. मी मनात म्हटलं, सापडला.

दोन दिवसांनी नागनाथ सर जाहिरातीला आले. मी त्यांनाही खुबीनं विचारलं. ते म्हणाले, "बाल्या? तो तर त्या दिशी घरात नव्हताच. गणपती बुडवून आला आन् पोरांसंगं देवळाच्या ओट्यावर झोपला. त्यामुळंच तर वाचला." मग म्हणाले, "अल्बम काढून राहिला म्हणं. आमचं नाव घेतलं का कुठं?" नाव घेतलेलं नव्हतं. त्यांच्या आवाजातली सल मला कळली, पण माझं लक्ष पहिल्या वाक्यावरच अडकलं होतं. घरात नव्हता, आकडा जुळत नाही, विचारलं की उठून जातो. माझा निकाल लागला. बिचाऱ्याचा बाप गेला असेल, पण बाकीचं गाण्यासाठी वाढवलेलं.

इथं मी त्याला समोर बसवून स्पष्ट विचारायला हवं होतं. आयुष्यभर ज्याला त्याला आडवे प्रश्न विचारत आलो आणि जिथं सरळ विचारायचं तिथं मला मोठेपणा सुचला. मी ठरवलं, याचं खोटं आपण झाकायचं. वीस वर्षांचं नातं, एवढा चांगला अल्बम, आणि उद्या कंधारचं एखादं पोरगं दोन्ही गाणी शेजारी ठेवून ओरडणार की उस्ताद खोटा आहे. त्या एका आकड्यानं सगळं जाणार.

शेवटच्या सोमवारी त्यानं नऊ गाणी ओळीनं ऐकली, "चालतंय चाचा, सोडा," म्हणाला आणि एसटी पकडायला गेला. तो गेल्यावर मी सातवं गाणं उघडलं. तिसऱ्यातला "पाच" कापून घेतला, थोडा ताणला, सहाच्या जागी बसवला, त्यावर फावड्याचा आवाज जरासा ओढून घेतला. दहा मिनिटांचं काम. टाका इतका बेमालूम होता की मी स्वतःवर खूश होऊन दोनदा ऐकला. मग अल्बम इंटरनेटवर चढवला.

अल्बम चालला. अहमदपूरच्या स्टँडावर पोरांनी पेढे वाटले. पेन ड्राइव्हवरून रिक्षावाल्यांकडं गेला, रसवंतीवर वाजायला लागला. कुणीही आकड्यावर बोट ठेवलं नाही. मी बायकोला म्हटलं, "देख, बचा लिया उसको." ती म्हणाली, "उसको पूछा था क्या?" मी पेपर वाचायला घेतला.

आठवड्यानं, सोमवार नसताना, बालाजी भर दुपारी आला. बसला नाही. म्हणाला, "चाचा, सात नंबर लावा."

लावलं. ती ओळ आली आणि गेली.

"हे मी म्हणलो न्हाई."

मी सगळं सांगितलं. तिसरं गाणं, सातवं गाणं, पोरं काय म्हणतील, तुझ्याच भल्यासाठी केलं. तो ऐकत होता. मी मोठ्यानं बोलत होतो हे मला माझं मलाच ऐकू येत होतं.

"मला का इचारलं न्हाई?"

"विचारलं होतं. तू उठून गेलास."

"हाव," तो म्हणाला. "गेलो. तेवढंच एक बोलता येत न्हाई चाचा, म्हणून तर गाण्यात टाकलं व्हतं." मग त्यानं सांगितलं की मोबाइलवर अल्बम लावून त्यानं भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात आईला ऐकवला. आईनं सगळी गाणी हात मांडीवर ठेवून ऐकली. सातवं झाल्यावर तिनं विचारलं, "बाळ्या, तू बी तिला सोडलास व्हय?"

मला काही कळेना. "कुणाला?"

"बहिणीला. धाकट्या. अकरा दिवसांची व्हती. दुसऱ्या दिशी बारसं व्हतं." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "नावच ठेवलं नव्हतं तर यादीत काय लिहिणार? यादीवाल्यानं इचारलं, नाव सांगा. आई म्हणली, न्हाई. तो पुढं गेला. म्हणून यादीत पाच. घरात सहा."

माझ्या धंद्यात कितीही कापलं तरी मूळ टेक मी कधी पुसत नव्हतो. तो होता. मी त्याच्यासमोर सहा परत बसवले आणि जुनं काढून नवं चढवलं. पण पेन ड्राइव्हवर, रिक्षांत, पोरांच्या मोबाइलवर जे गेलं ते कुठून परत आणणार? आजही नांदेडहून लातूरला गेलो आणि एखाद्या रिक्षात "मोजणी" लागलं की मी त्या ओळीची वाट बघत बसतो. पाच आलं की उतरतो आणि पुढं चालत जातो. रिक्षावाल्यांना वाटतं म्हातारा विक्षिप्त आहे.

मी बालाजीला म्हटलं, मला आईकडं ने. तो नको म्हणाला, मग नेलं.

नव्या गावातली सिमेंटची घरं एकसारखी, ओळीनं उभी. आई दारात ज्वारी पाखडत बसली होती. बालाजी म्हणाला, "हे चाचा. ह्यांनीच रेकॉर्डिंग केलं." तिनं सूप बाजूला ठेवलं, मला आत बसवलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. मराठीत मागताना अडलो, तर दखनीत मागितली.

ती म्हणाली, "तुमी कशाला रडता? यादीवाला तर सरकारचा माणूस व्हता, त्यानं बी सोडली. तुमी तर ओळखत बी नव्हता." मग म्हणाली, "पण बाळ्यानं सोडली म्हणून लई लागलं. तवापासून त्याला पोटभर जेवाय न्हाई दिलं मी."

बालाजी दाराशी उभा होता.

मी नवं "मोजणी" माझ्या मोबाइलवर लावलं. सहा आलं. तिनं मान हलवली, परत लावा म्हणाली. परत लावलं. मग माझ्यातला तो जुना माणूस, जो कुठंही गप्प बसत नाही, तो बोलला. मी विचारलं, "ताई, नाव काय ठरलं होतं?"

"मला काय ठाव," ती म्हणाली. "नाव ठेवायचा मान आत्याचा. शेवंता त्याच्यासाठीच तर आली व्हती माहेरी. नाव ठरवून आणलं व्हतं तिनं. मी लई इचारलं. म्हणली, वहिनी, आज न्हाई सांगणार, उद्या पाळण्यात तिच्या कानात पैल्यांदा सांगते, मग तुमाला."